बा कसोंदेची तेहतीस पावलं

पाऊस सरून पंधरा दिवस झाले होते आणि सकाळी आता अंगात कापरं भरायचं. खाणीच्या काळ्या ढिगाऱ्यावर धुकं बसलेलं, मैदानातलं दव घोट्यापर्यंत भिजवणारं. बा कसोंदेनं चुन्याच्या पिंपात काठी घातली आणि ढवळता ढवळता पहिली शिवी प्रशिक्षकाला घातली. दुसरी डाव्या बगलेवर खेळणाऱ्या चिसेंगाला. तिसरी स्वतःच्या उजव्या गुडघ्याला.

एकवीस वर्षं तो या मैदानाच्या रेघा मारत होता. खाणीनं दिलेली टेप पहिल्याच वर्षी कुणीतरी पळवली, पण त्याचं काही अडलं नाही. गोलखांबाला पाठ लावायची आणि तेहतीस पावलं मोजायची, की आली बाजूची रेघ. डावीकडं तेहतीस, उजवीकडं तेहतीस. खाणवस्तीत कुणाच्या घराचा पाया आखायचा असला तरी लोक त्यालाच बोलवायचे. बा कसोंदेचं पाऊल म्हणजे सरकारी माप.

यंदा मात्र ‘हातोडेवाले’, म्हणजे खाणीचा फुटबॉल संघ, पार बसले होते. परगावी जाऊन अकरा गोल ठोकले, आणि घरच्या मैदानावर अख्ख्या हंगामात दोन. आता रविवारी घरचाच शेवटचा सामना. जिंकले तर राहिले, नाहीतर खालच्या गटात. बिअरच्या अड्ड्यावर लोक म्हणत, घरी बायकांच्या हातचं मक्याच्या पिठाचं न्शिमा खाऊन पोरं जड होतात. बा कसोंदेला असल्या अकलेच्या गप्पांचा वीट आला होता.

प्रशिक्षक जेरे होता न्गोनी, बा कसोंदे बेम्बा. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची हा आज्यापणज्यापासूनचा रिवाज, आणि त्याचा राग धरणारा मूर्ख ठरतो. त्यामुळं जेरे त्याला रोज माकडखाऊ म्हणायचा आणि हा त्याला उंदीरखाऊ. जेरेनं यंदा आणलेला डाव साधा होता. दोन चपळ पोरं अगदी रेघेला चिकटून ठेवायची, समोरच्यांची फळी ताणायची, मधे भगदाड पडलं की चेंडू आत. परगावी भगदाड पडायचं. इथं चिसेंगा गड्याला चकवून बाहेरून वळला की थेट रेघेपलीकडं, आणि लोक त्याची आई काढायचे. समोरचा बचाववाला नुसता हात पसरून उभा राहिला तरी निम्मी वाट अडायची. शेवटी जेरेनं काल जाहीर केलं की रविवारी चिसेंगा बाकावर.

“रेघ दिसत नाही का त्याला?” बा कसोंदे करवादला होता. “एवढी ढळढळीत मारतो मी.”

आता पिंप उचलून तो पल्याडच्या बाजूला लंगडत गेला, तर तिथं त्याची बायको आणि शेजारणी रताळ्याच्या वरंब्यांना माती लावत होत्या. याच्यावरून दर वर्षी भांडण. या बाया दर पावसाळ्यात मैदानात घुसतात असं त्याचं म्हणणं, आणि आज तर त्याचं डोकं आधीच तापलेलं. उद्या मैदानाच्या मधोमध भुईमूग लावाल, आणि गोलखांबावर भोपळ्याचे वेल चढवाल, असं बरंच काही तो बोलला. बायका खाली मान घालून हसत राहिल्या.

तेवढ्यात त्याच्या बायकोची, बाना लोंबेची म्हणजे लोंबेच्या आईची कुदळ खणकन वाजली. तिनं माती सारली. सिमेंटचा ठोकळा, आणि त्यात रोवलेला लोखंडी नळीचा तुकडा.

बा कसोंदेनं तो लगेच ओळखला. कोपऱ्याच्या झेंड्याची ती नळी खाणीच्या लोकांनी त्याच्यादेखत बसवली होती. झेंड्याच्या काठ्या चोरीला गेल्यावर तो दुसऱ्या काठीचा झेंडा आपल्या रेघेच्या टोकाशी नुसता मातीत खुपसत आला होता.

“ही हलवली कुणी?” तो म्हणाला.

“सिमेंट कोण हलवतंय, बाशी लोंबे,” लोंबेच्या बापाला बायको शांतपणे म्हणाली. “तुमच्या रेघेपासून दोन कुदळी जागा सोडूनच आम्ही वरंबा ओढतो. एका वर्षी चुकलो नाही. रेघच आत आत येतेय.”

त्यानं नळीपासून चालू रेघेपर्यंत पावलं मोजली. सहा. मग त्याची नजर पायांकडं गेली. सात वर्षांपूर्वी सायकलवरून पडल्यापासून उजवा गुडघा पुरता वाकत नव्हता. तेहतीस आकडा तोच होता, पाऊल तेवढं आखडत गेलं होतं. दोन्ही बाजूंनी सहा सहा. बाहेरून वळायला चिसेंगाला जागाच ठेवली नव्हती त्यानं, आणि वर्षभर त्यालाच शिव्या देत होता.

नळीवर माती लोटून गप्प बसणं सोपं होतं. क्षणभर त्याचा पाय तसा सरकलाही. मग चरफडत तो जेरेच्या खोलीकडं निघाला.

जेरेनं सगळं ऐकून घेतलं. टर नाही, टोमणा नाही. ते बा कसोंदेला शिवीपेक्षा जड गेलं. त्यानं येऊन नळी बघितली, गोलखांबापासून तिथपर्यंत दोरी ताणली, तिला गाठ मारली आणि तेवढीच दोरी दुसऱ्या बाजूला टाकून बघितली. तिकडची गाठ सामना बघायला लोकांनी मांडलेल्या बाकड्यांच्या पार मागं गेली.

“चिसेंगाला सांगतो, रविवारी तोच खेळणार,” तो अखेर म्हणाला. मग त्याची नजर बा कसोंदेच्या पायांवर गेली. “अख्ख्या संघाला एका लंगड्या माकडखाऊनं कोंडून ठेवलं, आणि मी पोराला झोडत बसलो.”

“उंदराला बीळ पुरतं, म्हणून तुला कळलं नाही,” बा कसोंदे म्हणाला.

बायकांनी कुरकुर केली. अजून दोन आठवडे रताळी जमिनीत राहिली असती तर पोसली असती. पण रविवार थांबणारा नव्हता. बाना लोंबेनं पदर खोचल्यागत कमरेचं कापड आवळलं आणि नळीपर्यंतचा अख्खा पट्टा उकरायला घेतला. मनगटाएवढीच रताळी निघाली. त्यातली चार तिनं नवऱ्याच्या पुढ्यात टाकली. “भाजून खा,” ती म्हणाली, “तुमचंच पीक आहे.”

बा कसोंदेनं दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. पिंपातला चुना तोवर खाली बसला होता. त्यानं काठी घातली आणि पुन्हा ढवळायला लागला.