साहेबाची साफ बारूद

साहेबाला म्हणे साफ जळणारी बारूद पाहिजे होती. इतकी वर्षं लोटली, तरी हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, पिस्तूल झाडणार तो आणि नळीतली काजळी पुसत बसणार आमचे हे. मग साफ न् घाण याचं त्याला काय पडलं होतं?

साठच्या दशकातली दुबई ती. देरा नावाच्या वस्तीत, खाडीपासून जवळच झावळ्यांच्या भिंतींची आमची खोली होती. हे एका इंग्रजी कंपनीत स्टोअरकीपर. यांच्या साहेबाला पिस्तुलाचा नाद. दर शुक्रवारी गावाबाहेर वाळूत रिकामे डबे मांडायचे आणि धाड धाड उडवायचे. तयार काडतुसं बोटीनं येईपर्यंत त्याला दम कुठला निघायला? त्यानं विलायतेहून एक हँडलचं यंत्र मागवलं. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांत पुन्हा बारूद घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची. हे सगळं करणार कोण? आमचे हे. तेही आमच्या खोलीत, मी भाजी चिरते त्या टेबलावर.

"साहेबाचा माझ्यावर ट्रस्ट आहे," हे छाती फुगवून सांगायचे.

"डोंबलाचा ट्रस्ट! फुकटचा हमाल मिळालाय त्याला," मी म्हणायचे. पण ऐकतो कोण?

सुरुवातीची बारूद भुरभुरीत, फुगीर होती. एक पळी घातली की पुंगळी जवळजवळ भरायची. चुकून दुसरी पळी पडलीच तर बारूद वरून सांडायची, टेबलभर व्हायची. दुप्पट बारुदीनं पिस्तूल हातातच फुटतं, पण इथं चूक आधीच डोळ्यांना दिसायची. हे सगळं यांनीच मला समजावून सांगितलं होतं. मात्र ती धूर फार करायची. साहेबाचे हात काळे व्हायचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांवर डाग पडायचे. एका शुक्रवारी मडमेनं शर्टावरून त्याला चार गोष्टी सुनावल्या, आणि दुसऱ्याच बोटीनं साहेबानं दोन वेगळ्या बारुदींचे डबे मागवले. "झाडून बघ आणि साफ कुठली ते सांग," असा यांना हुकूम.

हे दोन्ही झाडून आले. माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीच्या चिंध्या नळीतून फिरवून आणल्या होत्या. एक काळीकुट्ट, दुसरी जवळपास कोरी. ती कोरी चिंधी लहान पोरासारखी नाचवत मला म्हणाले, "बघ! शुक्रवारची धुलाई खलास! आणि लागते किती थोडी! पुंगळीच्या तळाशी बसते नुसती."

मी हातातलं काम टाकून विचारलं, "तळाशी बसते? मग दोनदा पडली तर कळणार कसं?"

हे चिंधीची घडी घालत म्हणाले, "मी साहेबाला बोललो तसं. तो म्हणाला, बी केअरफुल."

"बी केअरफुल! वा रे वा! त्याचं काय जातंय सांगायला? दर नव्या पेटीतल्या पहिल्या गोळ्या झाडून बघणार तुम्ही. हात तुमचा आहे. त्याला सांगा, मी भरीन तर जुनीच भरीन. शर्ट मळतो तर शर्ट बदल म्हणावं."

"साहेबानं सिलेक्ट केलीय गं ती."

"मग भरू दे त्यालाच!"

"होईल नीट, इन्शाल्ला," म्हणून यांनी विषय मिटवला. साहेबासमोर तोंडातून 'नो' काढायचं म्हटलं की यांची दातखीळ बसायची. घरात मात्र माझ्याशी वाद घालायला जीभ तयार.

गुरुवारी दुपारी कामावरून येऊन हे भरायला बसले. लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या केलेल्या, एकेकीत पळी रिकामी करत चाललेले. एवढ्यात दारात सलाम आला. रत्नागिरीहून बोटीनं आलेले आमच्या गावचे चाचा. आमच्याकडे गावचा माणूस बोटीनं आला की घरोघर फिरतो. कुणाची आमसुलं, कुणाचे सुके बोंबील, कुणाचा निरोप. तो दारात आला की घरधन्यानं हातातलं टाकून उठायचं, गळाभेट घ्यायची, त्याला चांगल्या जागी बसवायचं आणि गावातल्या एकेका घराची खुशाली विचारायची. त्यात कसूर झाली तर गावभर बोंब होते. हे पळी तिथंच टाकून उठले.

चाचांनी चहा घेतला. गोष्टी काही संपेनात. बसल्या बसल्या यांनी ठोकळा पुन्हा पुढ्यात ओढला. एक कान चाचांकडे आणि हात पळीकडे. मी चुलीपाशी होते, तिथनंच ओरडले, "अहो, ते झाकून ठेवा आधी! नंतर करा."

"पाहुण्यासमोर काय हे?" यांनी माझ्यावरच डोळे वटारले.

चाचा गेले तोवर शिशाच्या गोळ्या बसवून पेटी भरलेली. मी विचारलं, "चाचा आले तेव्हा कुठल्या पुंगळीपर्यंत आला होतात?"

"आहे ना लक्षात."

"दाखवा बघू."

दाखवतील कुठून? मी म्हटलं, सगळी काडतुसं मोडा, बारूद ओता, पहिल्यापासून भरा. म्हणाले, साहेब सकाळी येणार, एवढ्या वेळात कशी होतील? म्हटलं, मग न्या आणि खाडीत बुडवा. तर म्हणतात, "साहेबाचा माल आहे तो." साहेबाचा माल! आणि हात कुणाचा होता हो?

सकाळी साहेबाच्या जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर बाहेरून "यल्ला, यल्ला" ओरडत घाई लावत होता. हे पेटी काखेत मारून गेले.

दुपारच्या नमाजाच्या आधीच तो ड्रायव्हर परत आला, एकटाच. पिस्तूल यांच्या हातात फुटलं होतं. इस्पितळात मी पोचले तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. मला बघून म्हणाले, "रडू नकोस." मी रडत कुठं होते? माझं डोकं तापलं होतं.

संध्याकाळी साहेब बिस्किटांचा डबा घेऊन आला. फुटक्या पिस्तुलाची नळी शाबूत राहिली होती, ती त्यानं रुमालात बांधून आणलेली. खिडकीशी धरून एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं आणि म्हणाला, "बट लुक, इट बर्न्स क्लीन."

आणि आमचे हे खाटेवरून म्हणाले, "येस सर. व्हेरी क्लीन, सर."

तो बिस्किटांचा डबा मी तसाच बाहेर बसलेल्या एका बाईला देऊन टाकला.

हात भरून आला. पण घास काही धरता येईना. आमच्यात डाव्या हातानं जेवायचं नाही, उजव्यात अंगठा आणि कडेची दोन बोटं. भात ओठांशी जाईपर्यंत निम्मा मांडीवर. मी भरवायला गेले की चिडायचे. हळूहळू कुणासमोर जेवणंच बंद केलं.

पुढं तेच चाचा पुन्हा बोटीनं आले. हे उठले, गळाभेट घेतली, त्यांना बसवलं, घराघराची खुशाली विचारली. मी जेवणासाठी दस्तरखान अंथरला, तसे हे म्हणाले, "मला भूक नाही," आणि पडद्याआड जाऊन बसले. सकाळपासून यांच्या पोटात अन्न नव्हतं. मग मात्र माझा ताबा सुटला. पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "उठा. चोरी केलीत का तुम्ही? बाहेर येऊन जेवा."

आले. खाली मान घालून पहिला घास उचलला. भात बोटांच्या फटीतून दस्तरखानावर सांडला. चाचांनी तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "चाचा, तिकडं काय बघता? इकडं बघा, नीट बघा. आणि गावी गेलात की घरोघर सांगा, साहेबाचं पिस्तूल अगदी साफ राहिलं."