नाक घरी ठेवून या

१९ जुलै, शनिवार. काम: उद्याच्या प्रशिक्षणात वाचायला मावशींची ओळख पाच ओळींत लिहिणे. प्रशिक्षण नव्या धर्मगुरूंचं आणि आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या सेवकांचं. विषय, आजाऱ्यांची भेट. फादरांनी या प्रशिक्षणाला मावशींचं नाव द्यायचं ठरवलं आहे. पाच ओळींत ते बसत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

"नाक घरी ठेवून या." मावशींचा वर्ग या वाक्याने सुरू व्हायचा. समोर फादर असोत, सिस्टर असोत, की आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, नेणाऱ्या माझ्यासारख्या बायका, सवलत कुणालाच नाही. मग त्या एकेकाचा हात धरून नखं बघायच्या. नव्या फादरांच्या तळहातांचं पहिल्या मिस्सेच्या दिवशी अख्खं गाव चुंबन घेतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. तेच हात मावशी बाजारातली वांगी पारखावीत तसे उलटेपालटे करायच्या आणि वाढलेलं नख दिसलं की पिशवीतून नेलकटर काढून पुढे धरायच्या. एक शब्द न बोलता.

मावशी मूळच्या मिठागराकडच्या. उभी नोकरी इस्पितळात आया म्हणून केली. निवृत्त झाल्यावर धर्मग्रामातल्या खाटेला खिळलेल्या माणसांकडे आपणहून जाऊ लागल्या. तेव्हाचे म्हातारे फादर शहाणे होते. सेमिनरीतून आलेल्या मुलांना प्रवचन येतं, पण पडलेल्या माणसाला कुशीवर वळवता येत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि मावशींना वर्ग घ्यायला लावलं. वेळापत्रक माझ्याकडे.

वर्ग हॉलमध्ये नसायचा, आजाऱ्याच्या घरात असायचा. आचोळ्याला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही एका बाईंकडे गेलो होतो. आमच्यातल्या एका सेविकेने खाटेवरच्या बाईंकडे न बघता त्यांच्या मुलीला विचारलं, "ही जेवते का?" मावशी म्हणाल्या, "ती मेली नाय अजून, बाय. तिलाच विचार." सेविकेचं तोंड उतरलं. खाटेवरच्या बाई मात्र हसल्या, आणि जेवणात मीठ नसतं अशी मुलीची तक्रारही करून मोकळ्या झाल्या.

दुसरे एक फादर अंगावर अत्तर मारून आले होते. मावशींनी त्यांना विहिरीवर पाठवून हात, मान, सगळं धुवायला लावलं. रोग्याच्या पोटात आधीच ढवळत असतं, त्यात तुमचा मोगरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. फादर गुपचूप धुऊन आले. मला ते बघून फार बरं वाटलं, हे कबूल करते.

आता आमचे हल्लीचे फादर. ते तेव्हा डीकन होते, धर्मगुरू व्हायला वर्ष बाकी होतं. उमेळ्याला एका जुन्या बागायतदाराच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या होत्या. मावशींनी पट्टी सोडली आणि हे ओटीवरून उडी मारून केळीच्या बुंध्याशी ओकले. मावशी बाहेर आल्या, पाठीवरून हात फिरवला, लिंबाची फोड दिली. "ओकलास ना? झालं तर. सगळे ओकतात. आता परत आत चल." ते आत गेले नाहीत. आमचं आवरेपर्यंत गाडीत बसून राहिले.

तरी मावशींनी त्यांच्या प्रशिक्षणाच्या कागदावर सही केली. मी वाद घातला. त्या म्हणाल्या, पोर आहे, शिकेल. मावशींच्या हातून झालेली मला माहीत असलेली ही एकच चूक.

गेल्या वर्षी मावशींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाचेसून त्यांचं सगळं करायची, चांगली मुलगी, पण दोन लहान मुलं आणि नोकरी. हे डीकन तोवर आमचेच फादर होऊन आले होते. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायची आपली रीत आहे. फादर मावशींकडे आले ते गाडी चालू ठेवून. भाचेसुनेने मला नंतर सगळं सांगितलं. नाकाला रुमाल, उभ्या उभ्या प्रार्थना, आणि उताण्या पडलेल्या मावशींच्या ओठांवर ओस्ती, कम्युनियनची ती पातळ कोरडी चकती, टेकवली. मावशींनी ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. फादरांनी ओस्ती परत डबीत ठेवली आणि आजाऱ्यांच्या वहीत मावशींच्या नावापुढे लिहिलं, 'नाकारलं'.

रविवारपर्यंत आळीभर झालं. मावशींचा देवावरचा विश्वास उडाला म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांचं गू-मूत काढलं आणि देवाने हे फळ दिलं, म्हणून रागावल्या म्हणे. संध्याकाळी त्यांच्या घरी माळेच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. एकीने तर भाचेसुनेला विचारलं, कम्युनियन नाकारलेल्या माणसाची अंत्यविधीची मिस्सा होते का गं? ती पोरगी त्या दिवसापासून पुढचं दार लावून घेऊ लागली. वाचा असती तर मावशींनी दोन शब्दांत निकाल लावला असता. वाचा नव्हती, हाच तर सगळा प्रश्न.

सोमवारी मी कम्युनियन घेऊन गेले. मावशींचं तोंड उघडं, श्वास तोंडाने, डोक्यावर पंखा. जीभ बघितली. नारळाच्या सुकलेल्या सोडणासारखी. अशा जिभेवर ओस्ती ठेवली की ती टाळूला चिकटते, मग घशात जाते आणि माणूस गुदमरतो. हे मला मावशींनीच शिकवलेलं. फादरांनाही शिकवलेलं, त्याच दिवशी, उमेळ्याच्या वाटेवर. मी मावशींना दोन उशांवर बसतं केलं, ओठ पुसले, चमच्याने पाणी दिलं. थांबले. पुन्हा दिलं. मग ओस्तीचा चतकोर तुकडा. मावशींनी तोंड उघडलं, गिळलं आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. भाचेसून दारात रडत होती. तिला म्हटलं, रडतेस काय, आधी पुढचं दार उघड.

तशीच फादरांकडे गेले. मला किळस आली होती, आणि ती मावशींच्या खोलीतल्या वासाची नव्हती. काय झालं ते सांगितलं आणि वहीतली नोंद बदला म्हटलं. ते म्हणाले, "असं होय? पण वहीत खाडाखोड बरी दिसत नाही."

तीन आठवड्यांनी मावशी गेल्या. अंत्यविधीच्या मिस्सेत फादर प्रवचनात म्हणाले, अखेरच्या दिवसांत आपल्या या भगिनीला मोठ्या आध्यात्मिक झगड्यातून जावं लागलं. सगळ्या आळीने माना डोलावल्या. मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्या शेजारी भाचेसून खाली मान घालून बसली होती, चोरी सापडल्यासारखी.

आणि आता प्रशिक्षणाला मावशींचं नाव. हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवून, चहाच्या सुट्टीसकट दोन तास.

२० जुलै, रविवार. सकाळी मिस्सेनंतर मी हॉलमध्ये पडद्यापुढे खाट टाकली आणि फादरांना सगळ्यांसमोर नम्रपणे विनंती केली की आजारी माणूस तुम्ही व्हा. वीसेक जण बघत होते, नाही म्हणता येईना. झोपले. मी पंखा पूर्ण सोडला आणि त्यांना पाच मिनिटं तोंड उघडं ठेवायला सांगितलं. लोक हसले. फादरही हसायला बघत होते. पाच मिनिटांनी त्यांच्या जिभेवर एक कोरी, वेदीवर न गेलेली ओस्ती ठेवली. ती चिकटली. त्यांनी घोट घ्यायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

वही घेऊन बसलेल्या सेविकेला मी सांगितलं, "लिही, फादरांनी नाकारलं."

फादर जोरजोरात मान हलवू लागले. मी म्हटलं, "मान हलवली तर काय लिहायचं, त्याला आपल्या वहीत रकाना नाही."

ते उठून बसले आणि पाण्यासाठी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात गेल्या वर्षीची वही आणि पेन दिलं. त्यांनी पान शोधलं, 'नाकारलं'वर रेघ मारली, वर 'मी पाणी दिलं नाही' असं लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. मग मी पेला दिला.