आबांचं जीभ घासणं

माझे सासरे, आमचे आबा, जीभ घासायचे ते अख्ख्या आळीला कळायचं. गावी, निमोण्याच्या घराच्या अंगणात उकिडवे बसून तांब्याची पट्टी घशापर्यंत घालायचे आणि असे खाकरायचे की गोठ्यातली गाय मान वर करायची. डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय जीभ साफ होत नाही, असं त्यांचं ठाम मत.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना रांजणगावच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. आठवडाभरातच शेजारचा मुलगा दारात आला. तो रात्रपाळी करून सकाळी झोपणारा. हात जोडून म्हणाला, "भाभी, बाबूजी को बोलिए, थोड़ा धीरे. नींद टूट जाती है." सुनेनं सासऱ्याला असलं कसं सांगायचं? नवऱ्याला सांगायला लावू, असं ठरवलं, तर दुसऱ्या दिवसापासून आवाजच बंद. मला वाटलं, नव्या जागेत सवय आपोआप बदलली.

मग आबांचं जेवण बिघडलं. घास घेऊन म्हणायचे, "कशालाच चव न्हाई." मी लसूण वाढवला, मीठ वाढवलं, तिखटाचा हात सैल सोडला. तरी ताट निम्मं तसंच. मला आधी राग यायचा, मग रडू. शेवटी त्यांनी पिशवी भरली. "मी निमोण्यालाच ऱ्हातो आता. माझं मी करून खाईन." आयुष्यात कधी चहासुद्धा न केलेला हा माणूस बंद घरात एकटा राहायला निघाला होता, आणि कारण काय, तर माझा स्वयंपाक. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मीच त्यांना एस्टीने सोडायला गेले.

रात्री तिथल्याच चुलत जाऊबाईंकडे मुक्काम केला. सकाळी अंगणातून तोच जुना आवाज आला. त्यानंतर आबांनी जाऊबाईंचं पिठलं ताट पुसून खाल्लं. मी मनातून जळले. खोटं कशाला सांगू, मला त्या पिठल्यात काहीच विशेष लागलं नाही. हात धुताना मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आबा, तिकडं तुम्ही जीभ घासत नव्हता का?"

ते खाली बघत म्हणाले, "त्या पोराची झोप मोडती म्हनं. आतून ऐकलं मी. हळू घासून बघितलं, पर साफच व्हईना. मंग सोडूनच दिलं. उगं तुमचं शेजाऱ्याशी वाकडं नको."

मी त्यांची पिशवी उचलली. "चला परत."

"आन् आवाज?"

"तो रात्रपाळीवरून यायच्या आधी उरकायचं. तुम्ही तर पहाटेच जागे असता."

त्याच दिवशी एस्टीने आम्ही रांजणगावला परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा न्हाणीघरात मनसोक्त खाकरले. दुपारी मी ताट वाढलं. हात अजून वाढीव मीठ-तिखटाच्याच सवयीचा होता. पहिला घास घेऊन त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

"पोरी, राग मानू नको," ते म्हणाले. "आमटीत मीठ लई झालंय."

मी वाटी उचलून आत गेले. आमटीत गरम पाणी घातलं आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले. आबा आता राहणार होते.