मागून आणलेली कुंची

त्या डिसेंबरात मी सुईला हात लावला नाही. शिवता येत नव्हतं असं नाही. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली मुलगी मी. टीप, काज, भरतकाम, सगळं कान पिळून शिकवलेलं. पण दिवस भरत आले तरी बाळाच्या नावानं मी एक चिंधीसुद्धा फाडली नव्हती. ते पाहून सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा, आणि त्या काही बोलल्या की माझं डोकं फिरायचं.

कारण होतं. पहिल्या वेळी नगरला असताना मी सगळं शिवून ठेवलं होतं. झबली, टोपरी, दुपटी, लंगोट. एक अख्खी ट्रंक भरली होती. मुलगा झाला. चांगला रडला, दूध प्यायला, आणि पाचवीच्या आधी एका सकाळी झोपेतच गेला. डॉक्टरीणबाईंनाही काही कारण सांगता आलं नाही. ती ट्रंक मी माहेरी नेऊन टाकली ती पुन्हा उघडली नाही. मग आमचे हे पिंपरीला नव्या औषधांच्या कारखान्यात लागले, आम्ही चिंचवड गावठाणात खोली घेतली, आणि तिथं मला पुन्हा दिवस गेले.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. प्रभू येणार म्हणून तयारी करायची. शेजारणी दिवाळीच्या आधी जे करतात तेच, सारवण, झाडलोट. आमच्यात फक्त त्यावर उपदेशही ऐकावा लागतो. चिंचवडला तेव्हा आमचं देऊळ नव्हतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. स्टेशनाजवळ रेल्वेतल्या एका गृहस्थांच्या घरी उपासना व्हायची आणि पाळकसाहेब पुण्याहून गाडीनं यायचे. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, पाहुणा येणार हे ठाऊक असून ज्या घरात साधं अंथरूण काढून ठेवत नाहीत, त्या घरानं विश्वासाच्या गोष्टी करू नयेत. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मालगाडी उभी होती, तिचे डबे बघत बसले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई साधीसुधी बाई नव्हे. नगर जिल्ह्यात बायबलबाई म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. उन्हातान्हात खेडोपाडी पायी जायचं, बायकांत बसून येशूच्या गोष्टी सांगायच्या, पोरांच्या गळ्यातले ताईत आणि गंडेदोरे समजावून काढायला लावायचे. सटवाई, नजर, करणी यांचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. या बाईला भीती म्हणून ठाऊकच नाही असं मला वाटायचं, आणि त्याचाच मला संताप यायचा. घाबरणारं माणूस घरात एकटंच असलं की वेड्यासारखं होतं.

“निदान बाळाला गुंडाळायला बाळंती तरी फाडून ठेव,” एकदा जेवताना त्या म्हणाल्या. “प्रभूच्या आईनं नाही का घरून नेली? नाहीतर गोठ्यात कुठून आली असती?”

“तिला देवदूतानं येऊन सांगितलं होतं,” मी म्हटलं. “मला कोण आलंय सांगायला?”

ह्यांचा हातातला घास हातात राहिला. आत्याबाईंनी माझ्या ताटात भात वाढला. चिडल्या की त्या वाढायच्या.

माझे दिवस कसे जात होते ते मलाच ठाऊक. पोटात हललं की जीव भांड्यात पडायचा, आणि मग लगेच, आता पुन्हा कधी हलेल, ही धाकधूक सुरू. बराच वेळ हललं नाही तर मी गार पाणी प्यायची, दारापासून न्हाणीपर्यंत फेऱ्या घालायची, कुणी बघत नसलं तर पोटाला बोटानं डिवचायची. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायची, पण आतून काही बोलायची नाही. मागच्या वेळी सगळं मागून झालं होतं. आमचे हे शिफ्टवरून आले की आधी माझं तोंड बघायचे आणि मग सायकल भिंतीला लावायचे. विचारायची छाती व्हायची नाही त्यांची.

खोलीची मालकीण म्हातारी होती. गावातलं जुनं शेतकरी घर, एकादशीला न चुकता देहूला जाणारी. खोली देताना तिनं ह्यांना विचारलं होतं, “तुमी कोन म्हनायचं?”

“ख्रिस्ती.”

“ते झालं. पर त्याच्या आदी कोन?”

हे नुसते हसले. म्हातारी समजायचं ते समजली. खोली दिली, भाड्यालाही नडली नाही, पण विहिरीला आमचा हात लागू द्यायची नाही. स्वतः शेंदून आमच्या हंड्यात वरून पाणी ओतायची. आत्याबाई त्या विहिरीवर कधी गेल्या नाहीत. मला पाठवायच्या, मला जड झालं तेव्हापासून ह्यांना. म्हणायच्या, “देवानं मला तहान कमी दिलीय.”

घर मात्र म्हातारीचं लेकीसुनांनी आणि पोराटोरांनी नुसतं गजबजलेलं. तिच्या पोटचं एकही मूल दगावलं नव्हतं. एकदा पाणी ओतता ओतता ती मला म्हणाली, “पयलं गेलं न्हवं तुझं?”

मी मान हलवली.

“मग ह्याला नवं घालू नगंस. भरल्या घरातनं जुनं काईतरी मागून आन. पदर पसरून मागाया लागतं बरं का. मागून आनल्यालं पोर कोन न्हेत न्हाई.”

घरी येऊन मी हे आत्याबाईंना सांगितलं, थोडं डिवचायलाच. त्यांनी परातीतलं पीठ मळायचं थांबवलं. “आपण असलं मानत नाही. पुन्हा हा विषय माझ्यासमोर नको,” एवढंच म्हणाल्या आणि पीठ असं मळलं की बिचाऱ्या भाकरीची धडगत नव्हती.

तिसऱ्या रविवारी आत्याबाई उपासनेला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. ज्या बाईनं तापात चालत जाऊन उपासना गाठल्या, तिचे गुडघे आजच कुठून दुखायला लागले, असं मनात आलं. माझंच मला पुष्कळ होतं. आदल्या संध्याकाळपासून पोटातलं फारसं हललं नव्हतं. पाळकसाहेब आशेवर बोलत होते आणि मी पदरात पाखरू धरून ठेवावं तशी पोटावर दोन्ही हात ठेवून बसले होते. शेवटच्या गीताला एक लाथ बसली. मला रडूच आलं. ह्यांना वाटलं उपदेश लागला.

घरी आलो तर दोरीवर कुंची वाळत होती. खणाची, रंग उडालेली, झालर उसवलेली, एक बंद तुटलेला. कितीतरी पोरांच्या डोक्यावर बसून मऊ पडलेली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“आपली.”

“आपल्याकडे कुंची कुठून आली?”

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मागून आणली.” आणि मानेनं पुढच्या, म्हातारीच्या घराकडे खूण केली.

मला आधी कळेचना. मग कळलं. जिच्या हातचं पाणी नको म्हणून या बाईनं तहान मारली, तिच्या दारात जाऊन ती पदर पसरून उभी राहिली होती. माझं डोकं सणकलं. “जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे ताईत काढलेत ना तुम्ही? मला बाळंती फाड, बाळंती फाड म्हणून जीव नकोसा केलात. विश्वास धर म्हणालात. आणि आता हे?” आमचे हे दाराशी उभे होते ते तिथूनच पाठमोरे झाले आणि सायकलीच्या चाकात हवा भरायला लागले. हवा मुळीच कमी नव्हती.

खरं सांगायचं तर मी रागावले नव्हते, मी हबकले होते. इतके दिवस त्यांच्याशी भांडत होते ते त्या खांबासारख्या उभ्या होत्या म्हणून. आता खांबच हलला तर मी कुणाचा आधार धरायचा?

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “मी घाबरलेय, पोरी,” त्या म्हणाल्या. “त्याला शेवटची अंघोळ मीच घातली होती. मीच निजवला. तुला वाटतं मी विसरले?”

त्या मुलाबद्दल त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत होत्या.

“मी देवाला टाकून नाही गेले तिकडे. त्याला सांगून गेले. म्हटलं, तुला हसायचं तर हस. पण मला आता कुठलंच दार सोडायचं नाही.”

“म्हातारी काय म्हणाली?”

“काही नाही. पदरात हातानं ठेवली. वरून टाकली नाही.” आणि पुन्हा सूप ओढून तांदूळ निवडायला लागल्या.

पाळकसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी यावर एक अख्खा उपदेश दिला असता, आणि तो चुकला असता असंही मी म्हणत नाही. पण त्या दुपारी माझ्या छातीवरचा दगड थोडा सरकला हे खरं. भीती होती तेवढीच होती, पण आता आम्ही दोघी होतो. दोरीवरची कुंची काढली आणि तिचा तुटलेला बंद शिवायला घेतला. आत्याबाईंनी आपलं जुनं लुगडं पेटीतून काढून माझ्यापुढे टाकलं. मी त्याची बाळंती फाडली. सगळ्या पट्ट्या वाकड्या फाटल्या.

कळा सुरू झाल्या त्या भल्या सकाळी, हे पहिल्या शिफ्टला निघत असताना. ते नर्सबाईंना आणायला सायकल दामटत गेले. आत्याबाई पहिल्यांदाच त्या विहिरीवर गेल्या आणि म्हातारीला हाताला धरून घेऊन आल्या. म्हातारीनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ आत आली.

नर्सबाई पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. मुलगी झाली. आधी रडेचना. मला फक्त म्हातारीची पाठ दिसत होती आणि आत्याबाईंचा चेहरा, आणि तो चेहरा मी देवाशपथ अजून विसरले नाही. म्हातारी तिला थापटत होती, “रड की गं बये, रड, आमी काय तुझं खातूय का,” आणि मग एकदम ती जी रडली ते गल्लीला कळलं.

“लक्षुमी हाय,” म्हातारी म्हणाली. मग हात धुऊन भिंतीला टेकली आणि आत्याबाईंनी दिलेला चहा प्यायली, आमच्या कपातून, फुंकर मारमारून.

सगळे सुटले. हे तर बावळटासारखे हसत होते, कारखान्यात पेढे वाटून आले. सुटलो नव्हतो त्या आम्ही दोघीच. कारण पहिलाही रडला होता. पहिलाही दूध प्यायला होता. नाताळ आला तो नेमका पाचवीच्या आत.

नाताळाच्या सकाळी हे उपासनेला गेले. आत्याबाई गेल्या नाहीत. नाताळची उपासना त्यांनी जन्मात चुकवली नव्हती, आणि मीही त्यांना जा म्हटलं नाही. शेगडी पेटलेली होती, खोलीत ओव्याचा धूर होता. मुलगी कुंची घालून निजली होती. आत्याबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, मुलीच्या छातीवर तळहात ठेवून. वजन पडू नये म्हणून हात अर्धवट उचलूनच धरलेला. मी त्या हाताकडे बघत होते. तो वर झाला की मला श्वास यायचा.

ती जगली. तिला आज स्वतःची मुलं आहेत आणि माझ्याच वळणावर गेली आहे, एक शब्द खाली पडू देत नाही. पण हे आज. त्या सकाळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

“प्रार्थना करू,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. “हे स्वर्गीय बापा,” म्हणाल्या आणि थांबल्या. मी वाट पाहिली. गावोगावच्या ओसऱ्यांवर तासन्‌तास प्रार्थना केलेली ती बाई, तिला पुढचा शब्द सापडेना. ओठ हलत होते नुसते.

“तू कर,” त्या म्हणाल्या.

“मला येत नाही आता.”

“जशी येईल तशी कर.”

मी डोळे मिटले नाहीत. मुलीवरून नजर काढायची माझी छाती नव्हती. तशीच तिच्याकडे बघत म्हटलं, “एक नेलास, तेव्हा मी काही बोलले नाही. ही मी देणार नाही. मी बसलेय जागी. माझा डोळा लागला तर तू जागा राहा.”

म्हटलं खरं, आणि मग अंग आक्रसून बसले. देवाशी असं बोलतात का, म्हणून आता त्या मला फाडून खाणार. आत्याबाईंनी मुलीच्या छातीवरचा हात काढला नाही. “आमेन,” म्हणाल्या.