बियांचा भोपळा

गेल्या महिन्यात सकाळी मी चुलीवर दूध ठेवत होते, तेवढ्यात शेजारच्या सुनेनं भिंतीवरून हाक मारली. "काकू, सासूबाई उठून न्हाई राहिल्या..." दूध उतू गेलं, मी तशीच धावले. सरूबाई माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना नुसतं बाईच म्हणायची. घरं वेगळी झाली तरी आमची भिंत एकच होती. आता त्या भिंतीपलीकडून कुणी खाकरत नाही आणि मला सकाळी उठावंसंच वाटत नाही.

मी लग्न होऊन साखरा गावी आले तेव्हा आमचा मुलूख निजामी होता आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. सासरी आल्या आल्या पाहिले ते भोपळे. गोठ्याच्या छपरावर, काटेरी कुपावर, उकिरड्याच्या कडेला, बाई जिथे बोट खुपसतील तिथे वेल. दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, सणाला दुधीचीच खीर. पाहुण्याला भोपळ्याशिवाय निघता यायचं नाही. पुढे पुढे तर आमच्या दारावरून जाताना माणसं पाय उचलायला लागली. "काहून एवढे लावता बाई?" मी वैतागून विचारायची. "लागतेत माय कुनाला तरी," म्हणायच्या. कडू भोपळे त्या वेलावरच वाळू द्यायच्या. कुणी ते पाणी न्यायला मागायचं, कुणी पोहायला. सगळ्यात मोठा मात्र बियांचा. त्याला देठापाशी भोक पाडून पुढच्या वर्षीचं बी आत ठेवायचं, शेणामातीनं तोंड लिंपायचं आणि आढ्याला टांगायचा, ही आमच्या घरची रीत.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं वऱ्हाडात निघाली. कनेरगावच्या नाक्यावर पहारा, नदीला पूर, नावा गायब. पहाटे शेजारच्या गावातून धूर दिसला, तेव्हा बाईंनी छपरावरचे, माळ्यावरचे सगळे वाळके भोपळे खाली काढले. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं हसलो, त्या भोपळ्यांच्या सांगडी बांधून आमची आळी पाण्यात उतरली. मी पलीकडे पोचले. बाईंचं लेकरू माझ्या पाठीशी बांधलेलं होतं. मागे वळून पाहिलं तर काठावर बाई आणि माझे थोरले दीर, दोघंच. तेवढ्यात तांड्यावरची एक बाई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. भोपळे संपले होते. बाईंनी नवऱ्याच्या कमरेचे भोपळे सोडले आणि तिला बांधले.

"अन् मी?" दिरांनी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही, बाईंनीच नंतर सांगितलं. पलीकडे गेल्यावर पेरायला हवं म्हणून बियांचा भोपळा त्यांनी काखेत आणला होता. तो त्यांनी दिरांच्या पोटाशी बांधला. "ह्यो घ्या. समद्यात मोठा हाय." घाईत त्यांना लिंपण आठवलंच नाही. शेणमाती पाण्यात किती टिकणार? मधल्या धारेत आम्हाला पाण्यावर बिया तरंगताना दिसल्या, पांढऱ्या, पुष्कळ. मग दीर दिसले नाहीत. बाई आपल्या सांगडीवर त्यांच्या मागेच होत्या. त्या आल्या, वाळूत बसल्या आणि म्हणाल्या, "भोक मीच पाडलं वं माय." मी पाठीवरचं लेकरू सोडून त्यांच्या मांडीत ठेवलं.

गावी परतल्यावर बाईंनी पुन्हा वेल लावले. मला वाटलं होतं, भोपळ्याचं तोंड पाहणार नाहीत. पण त्यांनी लावले, वाळवले आणि एकालाही पुन्हा भोक पाडलं नाही, बी काढायलाही नाही. वाळक्यांची एक जोडी सांगडीसारखी दोरीनं बांधून दाराशी टांगायची, वर्ष झालं की बदलायची. नदीवर पूल झाला तरी टांगतच राहिल्या. आणि घरात भोपळे मावत नसताना दर मृगाला माझ्या दारात पदर पसरायच्या, "चार बिया दे वं." लोक हसायचे. मी द्यायची, वर पाहायची नाही.

तेराव्यानंतर सुनेनं ती जोडी काढून माझ्या हातात दिली. "काकू, आता कशाला ठेवायची?" मी घरी आणली. हलवली की आत बी खुळखुळतं. मृग तोंडावर आलाय. बाईंसाठी चार बिया मी दरवर्षीसारख्या फडक्यात बांधून उंबऱ्यापाशी ठेवल्यात, आणि कुणी मागायला येत नाही.