भोपळ्यावरची रेघ

बाबांचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्याच गाडीची वाट पाहत होते. "काका गेला," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं. असं का म्हटलं, अजून कळत नाही...

काका रोह्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. मी गेले की मागच्या पडवीत नेऊन नुकत्याच उतरवलेल्या लाल भोपळ्यावर नखाने रेघ मारायचा आणि मला डिवचायचा, "काय गो इंग्लिश मीडियम, हा जिवंत हाय की मेला?" मग तोच सांगायचा. वेलावरून तोडलं तरी फळ जिवंतच असतं. जखम झाली की आत हार्मोन्सचे निरोप फिरतात. एक सांगतं, बुचासारखा थर धर, पाणी जाऊ देऊ नको. दुसरं पिकायची घाई लावतं. पहिल्याचं वेळेत ऐकलं गेलं तर जखम भरते, नाहीतर फळ सडतं. त्याला ऊब हवी, ओल हवी. थंडीत ते काम थांबतं. "म्हणून ओरखडलेला भोपळा फ्रिजात कोंबायचा नाय."

"पण भरतं कुणासाठी?" मी एकदा विचारलं होतं. "वेल तर सुटला."

"ते त्याला कोण विचारतंय?" तो हसला. हे उत्तर होतं की टाळणं, मला ठरवता येत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी परत गेले. त्याने शेवटची रेघ मारलेला भोपळा पडवीतच होता. रेघ भरून जाड, भुरकट झाली होती, बोटाला लागत होती. तो तसाच राहावा असं मला वाटत होतं. काकूने विळी पुढे ओढली. "ठेवून काय करू गो? खायलाच आणलेला त्यांनी." रेघेची फोड तेवढी तिने वेगळी काढली आणि ती फ्रिजकडे निघाली. मी फोड तिच्या हातातून घेतली, ओट्यावर ठेवली. विळीची एवढी मोठी चीर भरत नाही हे मला माहीत होतं. तरीही...

सकाळी पाहिलं तर फोडीवर ओलं फडकं होतं.

"ओल लागते ना त्याला," काकू चहा गाळत म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी पेणला परतले. ती रोज फोन करते, फडकं बदललं म्हणून सांगते. वास येतो का, हे मी विचारत नाही.