शौकतभाईंची चिंच

शौकतभाई गेले हे कळलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडायलाच निघालो होतो. वारज्याला आमचे फ्लॅट समोरासमोर. माझ्या बोन्सायची पानं पिवळी पडली होती आणि "पाणी कमी करा" यापलीकडे हा माणूस अवाक्षर काढत नव्हता. दार मुलीने उघडलं, म्हणाली, "काका, अब्बा..." भांडण तसंच राहिलं.

कसब्यातल्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर गॅलरीत उथळ कुंड्या मांडल्या. त्यातली वीतभर उंचीची चिंच त्यांची विशेष लाडकी. त्यांचं म्हणणं एकच : तहानेने झाड मलूल होतं, आणि पाण्याने मुळं कुजली तरी तसंच मलूल होतं, लोक दोन्ही वेळा पाणीच ओततात. मग ओळखायचं कसं? गुरुवारच्या उदबत्तीची उरलेली काडी मातीत खोचायची, जरा वेळाने काढून गालाला लावायची. गार लागली, तर पाणी नाही. "बोटाने कळत नाही का?" मी विचारलं. "अहो कुलकर्णी, माझ्या बोटाने कळेल. तुमच्याबद्दल खात्री नाही." असं बोलणं! अंगाचा तिळपापड व्हायचा.

ते गेल्यावर भेटायला येणारा जो तो "त्यांची आठवण आहे, सुकू देऊ नका" म्हणत चिंचेला पेलाभर पाणी घालून जाई. जुबेदाभाभी तर सकाळ-संध्याकाळ घालत. पानं गळू लागली तसं पाणी आणखी वाढलं. मला सगळं दिसत होतं, पण बोलवत नव्हतं. नवऱ्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलेल्या बाईला तेही करू नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्याने फटकन सांगितलं असतं, तो नेमका निघून गेलेला. मला शौकतभाईंचाच राग येत होता... अजूनही येतो.

परवा मातीला कुबट वास आला, तेव्हा मात्र राहवलं नाही. कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवला. साचलेलं पाणी ठिबकू लागलं. "भाभी, मुळं कुजतायत. आता पाणी नको." वाटलं त्यापेक्षा जोरात बोललो. पाणी घालायला त्या तांब्या भरून आल्या होत्या, तो हातात तसाच राहिला. मग आत जाऊन काडी घेऊन आल्या, मातीत खोचली, थोड्या वेळाने काढून गालाला लावली. पुन्हा लावली. डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं होतं.

"मला नाही कळत, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा."

मी काडी गालाला लावली. गार होती. त्यांच्या हातातला तांब्या घेऊन मी आत ठेवून आलो.